जर्नलकडे पाठवलेला पेपर मागे घेणे: नियम, पैसे आणि तुमचे अनुभव

शोधयात्री:

नमस्कार मंडळी.

संशोधन करणाऱ्या, शिकवणाऱ्या कित्येकांना कधी ना कधी पडणारा प्रश्न आहे, पण मराठीत त्यावर सलग लिहिलेलं कुठे दिसलं नाही. म्हणून हा धागा.

पेपर, म्हणजे शोधनिबंध, जर्नलकडे (शोधपत्रिकेकडे) पाठवला, पोच मिळाली. मग महिनोन्महिने काही हालचाल नाही. किंवा मधल्या काळात नवे नमुने हाती आले आणि निष्कर्षच बदलले. किंवा जर्नलबद्दल नको ते कानावर आलं. अशा वेळी पेपर कोणत्या टप्प्यापर्यंत मागे घेता येतो? सगळ्या सहलेखकांची संमती लागते का? संपादक उत्तरच देत नसेल तर किती थांबायचं? आणि मुख्य म्हणजे, मागे घेण्यासाठी जर्नल पैसे मागू शकतं का?

शेवटचा प्रश्न शेजारच्या प्रयोगशाळेतल्या एका मुलीमुळे डोक्यात बसलाय. तिने पेपर मागे घेत असल्याचं कळवलं, तर 'परीक्षण झालेलं आहे, आधी विड्रॉवल फी भरा' असं उत्तर आलं. फेलोशिप रखडलेली, त्यात हे. ती रडकुंडीला आली होती.

माझं मत स्पष्ट आहे. छापून येईपर्यंत पेपर लेखकाचा. तो परत मागणं हा लेखकाचा हक्क आहे आणि त्यासाठी पैसे मागणं ही अडवणूक आहे. तुम्हाला काय वाटतं?


तिखटमीठ:

जिव्हाळ्याचा विषय! आमच्या विभागाच्या ग्रुपवर लिंक टाकली आहे. वाचतेय.


उपसंपादक:

एका अभियांत्रिकी जर्नलच्या संपादनात मदत करतो. बिनपगारी, बहुतेक ठिकाणी असतं तसंच. टेबलाच्या या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

पहिली गोष्ट, छापण्याआधी पेपर परत घेणं आणि छापल्यानंतर तो रद्द करणं यांची गल्लत करू नका. पहिलं विड्रॉवल, दुसरं रिट्रॅक्शन. दुसऱ्याची सूचना कायमची छापली जाते, कोणी आणि का रद्द केला ते त्यात लिहावं लागतं. पहिल्याचा बाहेर सहसा मागमूसही राहत नाही.

आता टप्पे. फॉर्म अर्धवट भरून ठेवलाय, शेवटचं बटण दाबलेलं नाही, तर एडिटोरियल मॅनेजर असो की ओजेएस (पेपर ऑनलाइन पाठवायच्या या यंत्रणा), तुमचं तुम्हीच काढून टाकू शकता. बटण दाबलं की गोष्ट बदलते. ओजेएसवर सबमिट झालेला पेपर लेखकाला स्वतःहून पुसता येत नाही, संपादकालाच सांगावं लागतं. स्कॉलरवन या तशाच यंत्रणेवर काही जर्नल्स मागे घेण्याची सोय देतात, काही देत नाहीत. पेपर संपादकाच्या टेबलावरच असेल, परीक्षकांकडे गेला नसेल, तर एका मेलवर काम होतं आणि कोणालाही वाईट वाटत नाही.

परीक्षकांकडे गेल्यानंतर मात्र कारण द्या. खरं कारण द्या. 'पृथक्करणात त्रुटी आढळली' हे तर फार चांगलं कारण आहे, त्याचा आम्ही आदरच करतो. 'वैयक्तिक कारणास्तव' एवढंच लिहिलं की शंका येते.

स्वीकारल्यानंतर मागे घेणं कठीण होत जातं. तोवर अक्षरजुळणी होते, डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) मिळतो, कधी कधी अंकात येण्याआधीच पेपर ऑनलाइन झळकतो. एल्सेव्हिअरसारख्या प्रकाशकाने या मधल्या अवस्थेसाठी, म्हणजे स्वीकारला आहे पण औपचारिकरीत्या प्रकाशित व्हायचा आहे अशा लेखांसाठी, मागे घेण्याचं वेगळं धोरण ठेवलं आहे. अंकात आला की विषय संपला, पुढे फक्त रिट्रॅक्शन.

आता माझी तक्रार. काही लेखक आमच्याकडे पेपर पाठवतात, दोन परीक्षकांचे तपशीलवार शेरे मिळवतात, त्याप्रमाणे पेपर सुधारतात आणि मग तो मागे घेऊन वरच्या दर्जाच्या जर्नलला पाठवतात. परीक्षकाने आपल्या संध्याकाळी त्यात घातलेल्या असतात. त्याला ना पैसे, ना नाव. शोधयात्री, लेखकाचा हक्क मला मान्य आहे. पण त्या हक्काला दुसरी बाजूही आहे.


नीलमोहर:

थोडक्यात रेल्वेच्या तिकिटासारखं आहे. जितक्या लवकर रद्द कराल तितकी कमी कात्री. चार्ट लागला की संपलं!


मुळामुठा:

नीलमोहर, हा हा, चपखल! फक्त रेल्वेकडून आपल्याला जागा मिळण्याची खात्री तरी असते. इथे वेटिंग लिस्टमध्ये नंबर कितवा तेही सांगत नाहीत.

उपसंपादक, तुमची तक्रार समजते, पण अर्धीच पटते. परीक्षकाचे शेरे ही विद्येच्या व्यवहाराला दिलेली देणगी असते, जर्नलची मालमत्ता नव्हे. नाकारलेल्या पेपरचे लेखक तेच शेरे वापरून दुसरीकडे जातात तेव्हा कोणी चोरी म्हणत नाही. मग स्वतःहून निघालेल्यालाच दोष का? शिवाय पहिल्या फेरीला वर्ष लावणाऱ्या जर्नलने लेखकाच्या निष्ठेची अपेक्षा ठेवावी हे मला न्याय्य वाटत नाही.


उपसंपादक:

मुळामुठा, नाकारणं आमच्या हातात असतं, त्यात फसवणूक नसते. मी बोलतोय ते पहिल्यापासून दुसरीकडे जायचं ठरवून आलेल्यांबद्दल. बाकी वर्षभर लावणाऱ्या जर्नलची बाजू मी घेणार नाही. तिथे दोष आमचाच.


न्यायप्रिय:

वकिली करतो. त्या मुलीसाठी हे मुद्दे लिहितोय. प्रत्यक्ष कागद पाहिलेले नाहीत, त्यामुळे हे सर्वसाधारण मत समजा.

भारतीय करार कायदा, १८७२, कलम ५ : प्रस्ताव स्वीकारल्याचं कळवलं जाण्याआधी तो मागे घेता येतो. पेपर पाठवणं म्हणजे 'हा छापा' असा प्रस्ताव, अशीच त्याकडे पाहण्याची सरळ रीत आहे. म्हणजे स्वीकृतीपत्र येईपर्यंत लेखक मोकळा.

कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १९ : हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि हस्तांतर करणाऱ्याच्या सहीनिशीच वैध ठरतं. नुसता पेपर अपलोड केल्याने तो जर्नलचा होत नाही. 'आमच्याकडे आला म्हणजे आमचा झाला' असं कोणी मेलमध्ये ठणकावलं तरी घाबरू नका.

पैशांबद्दल. पाठवण्यापूर्वी तुम्ही ज्या अटींना मान्यता दिली त्यांत फीचा उल्लेख होता का ते आधी पाहा. नसेल तर मागून लावलेली फी ही नुसती मागणी आहे, देणं नव्हे. असेल तर थोडं गुंतागुंतीचं, पण तरीही हवी ती रक्कम वसूल करता येत नाही. कलम ७४ प्रमाणे करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी न्यायालय वाजवी भरपाईच देतं आणि तो आकडा ही वरची मर्यादा असते. पेपरचं परीक्षण बिनपगारी झालं असेल तर नुकसान नेमकं कसलं झालं, हा प्रश्न जर्नललाच विचारला जाईल.


शोधयात्री:

न्यायप्रिय, मनापासून आभार. तिला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. अटी शोधून काढल्या आहेत. फीचं वाक्य साइटवर आहे खरं, पण तिने पेपर पाठवताना मान्यता दिलेल्या घोषणापत्रात नाही.


न्यायप्रिय:

मग त्या घोषणापत्राची प्रत आणि त्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट जपून ठेवा. अशी पानं बदलायला वेळ लागत नाही.


सह्यकडा:

पैसे मागणाऱ्यांबद्दल एक जुनं प्रकरण इथे नोंदवायलाच हवं, कारण त्यात नेमका हाच मुद्दा होता.

हैदराबादची ओमिक्स नावाची प्रकाशनसंस्था. तिच्यावर ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नेवाडातल्या न्यायालयात दावा लावला. परीक्षणाबद्दल खोटे दावे, लेख स्वीकारल्यावरच समोर येणारी फी, न विचारता संपादक मंडळात टाकलेली नावं, असे आरोप होते. आणि त्यातच आणखी एक होता : लेखक पेपर परत मागतात तेव्हा संस्था तो बऱ्याचदा देत नाही आणि त्यामुळे ते संशोधन दुसऱ्या कुठल्याही जर्नलला देता येत नाही. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने ५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरण्याचा आदेश दिला आणि २०२० मध्ये अपील न्यायालयानेही तो कायम केला.

पेपर अडकवून ठेवणं म्हणजे नुसता उद्धटपणा नाही. लेखकाचं काम ओलीस धरणं आहे ते. एका पेपरवर एखाद्याची तीन वर्षं असतात. फी मागणारा माणूस त्या तीन वर्षांच्या बदल्यात पैसे मागत असतो, आणि त्याला ते पक्कं माहीत असतं.


तिखटमीठ:

सह्यकडा, शेवटच्या दोन वाक्यांना +१००.


अण्णा वाईकर:

तरुण मंडळींची चर्चा वाचतो आहे. माझं सगळं आयुष्य मराठी शिकवण्यात गेलं, त्यामुळे डीओआय वगैरे माझ्या वाट्याला फार आलं नाही. पण प्रश्न जुनाच आहे.

आम्ही 'नवभारत', 'महाराष्ट्र साहित्य पत्रिका', 'युगवाणी', 'भाषा आणि जीवन' यांना लेख पाठवायचो. हाताने लिहून, टपालाने. पुष्कळ नियतकालिकांत सूचना असायची, नापसंत लेख परत हवा असल्यास पुरेशी तिकिटं लावलेलं पाकीट सोबत जोडावं. ज्याने पाकीट जोडलं नाही त्याचा लेख परत येत नसे. त्यामुळे कार्बन ठेवून एक प्रत आपल्याजवळ राखणं हा पहिला धडा असे.

लेख मागे घ्यायचा तर संपादकाला पत्र लिहायचं. 'माझा अमुक लेख आपल्याकडे विचारार्थ आहे, तो कृपया प्रसिद्ध करू नये.' एवढंच. कारण सांगितलं तर उत्तम. संपादकाचं उत्तर आल्याशिवाय लेख दुसरीकडे पाठवायचा नाही, हा संकेत. एकच मजकूर दोन दिवाळी अंकांत आला तर दोन्ही संपादक आयुष्यभर लक्षात ठेवत.

पैसे मागितल्याचं मात्र एकाही संपादकाबद्दल ऐकलेलं नाही. मानधन द्यायला पैसे नसत, मागायचे कुठून!


कऱ्हाडची मेघना:

अण्णा, तुमच्या प्रतिसादात सगळ्या धाग्याचं उत्तर आहे. लेखी कळवा, उत्तर येईस्तोवर थांबा, आपली प्रत जपा.

मला सहलेखकांबद्दल लिहायचंय. आमच्या क्षेत्रात, सूक्ष्मजीवशास्त्रात, एका पेपरवर सात-आठ नावं सहज असतात. बरीच जर्नल्स मागे घेण्याच्या पत्रावर सगळ्यांची संमती मागतात, आणि ते बरोबरच आहे. नाहीतर पहिला लेखक गाईडवर रुसून पेपर काढून घेईल, किंवा गाईड विद्यार्थ्याचं नाव गाळण्यासाठी पेपर मागे घेऊन नव्या नावांनी पाठवेल. दुसरं मी फार जवळून पाहिलंय. विद्यार्थिनीने सगळे प्रयोग केले, पेपर गेला, ती दुसऱ्या शहरात नोकरीला गेली. पेपर मागे घेतला गेला हे तिला वर्षभराने कळलं, जेव्हा तोच पेपर दुसऱ्या जर्नलमध्ये तिच्या नावाशिवाय दिसला. संपादकाने सगळ्यांना फक्त एक मेल टाकली असती तर हे घडलं नसतं.

म्हणून दोन व्यावहारिक गोष्टी. पेपर पाठवताना कॉलेजचा मेल आयडी एकटा देऊ नका, कॉलेज सुटलं की तो बंद होतो. आणि सहलेखक असाल तर पोच तुम्हालाही येते का ते पाहा. येत नसेल तर गाईडना विचारायला लाजू नका.


पणजीकर:

मेघनाताई, उलटाही प्रसंग येतो ना. सातपैकी सहा जणांना पेपर मागे घ्यायचाय आणि सातव्याला नाही. मग?


कऱ्हाडची मेघना:

पणजीकर, छापण्याआधी तो वाद आपसात किंवा संस्थेने सोडवायचा, संपादक तोवर पेपर थांबवून ठेवतो. संपादकाने कोणा एकाच्या बाजूने निवाडा देऊ नये, अशीच अपेक्षा असते. एकाही लेखकाने 'माझी संमती नाही' कळवलं तर पेपर पुढे सरकत नाही. एवढा अधिकार प्रत्येकाकडे आहे.

छापल्यानंतर मात्र सगळ्यांची सही अडून बसत नाही. २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमधला, कोरोनावर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध देण्याबद्दलचा पेपर आठवतोय? २२ मे रोजी आला, ४ जूनला रद्द झाला. चार लेखकांपैकी तिघांनी मागणी केली होती. चौथा ज्या कंपनीचा होता तिनेच आकडेवारी पुरवली होती आणि ती मूळ आकडेवारी तपासायला मिळत नव्हती.


बोस्टनवासी:

इथे सगळे 'एका वेळी एकच जर्नल' हे गृहीत धरून बोलताहेत. कायद्याच्या क्षेत्रात अमेरिकेत तसं नाही. इथली बहुतेक लॉ रिव्ह्यूज विद्यापीठातले विद्यार्थी चालवतात आणि एकच लेख एकाच वेळी अनेकांना पाठवणं हीच रीत आहे. एकाने स्वीकारला की वरच्या जर्नलला कळवायचं, 'मला अमुक तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय, तुमचा निर्णय लवकर सांगा.' शेवटी एकाला होकार दिला की उरलेल्या सगळ्यांकडून लेख त्याच दिवशी मागे घ्यायचा. तिथे मागे घेणं रोजचं काम आहे. कोणी कपाळाला आठ्या घालत नाही.

मला ही पद्धत जास्त न्याय्य वाटते. लेखकाचा वेळ वाया जात नाही.


उपसंपादक:

बोस्टनवासी, तिथे निवड विद्यार्थी संपादक करतात आणि ती टीम मोठी असते. आमच्याकडे एका विषयाचे जाणकार परीक्षक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एकच पेपर पाच जर्नल्सना गेला तर त्यातल्या तिघांकडून तो एकाच माणसाकडे येणार. अशा वेळी तो परीक्षक स्वतःच तिन्ही संपादकांना कळवतो आणि तिन्हीकडून पेपर बाद होतो. वैद्यकीय संपादकांच्या आयसीएमजेई या आंतरराष्ट्रीय समितीच्या शिफारशींतही एकाच वेळी दोन जर्नल्सना पेपर देऊ नये असं स्पष्ट म्हटलेलं आहे.


मुळामुठा:

हाताच्या बोटांवर मोजण्याइतके परीक्षक उरले, कारण त्यांच्या कामाची किंमत कोणी करत नाही. हा वेगळा धागा होईल.


नीलमोहर:

मुळामुठा, काढाच! पहिला प्रतिसाद माझा.


पणजीकर:

मूळ प्रश्नांतला एक राहिलाच. संपादक उत्तरच देत नसेल तर?

इथे नियम असा कुठे बांधलेला नाही. मी गणितवाला. आमच्याकडे परीक्षणाला वर्ष लागणं अगदी सामान्य आहे, त्यामुळे चार महिन्यांत चुळबूळ करणाऱ्या रसायनवाल्यांचं मला नेहमी नवल वाटतं. पण परीक्षणाला वेळ लागणं निराळं आणि मेलला उत्तर न देणं निराळं. पहिलं समजून घेता येतं. दुसरं नाही.

मी सुचवेन ती रीत अशी. आधी जर्नलच्या पत्त्यावर विचारणा. मग मुख्य संपादकाच्या संस्थेतल्या मेलवर. मग प्रकाशकाला. शेवटी मागे घेत असल्याचं पत्र, सगळ्या सहलेखकांना प्रत लावून, आणि त्यात एक तारीख : 'या तारखेपर्यंत आपल्याकडून काही कळलं नाही तर पेपर मागे घेतला गेला असं आम्ही धरू.' ती तारीख उलटली की मोकळे.


उपसंपादक:

पणजीकर, तारखेचा हा शेवटचा भाग धोक्याचा आहे. तुम्ही मोकळे झालात असं तुम्हाला वाटतं, पण यंत्रणेत पेपर जिवंतच असतो. आमच्या कॉलेजात एका प्राध्यापकांचं तेच झालं. त्यांनी असंच एकतर्फी पत्र पाठवलं आणि पेपर दुसरीकडे दिला. तिथे तो स्वीकारलाही गेला. आणि मग पहिल्या, मौनव्रत धरलेल्या जर्नलने तो अचानक अंकात छापून टाकला. आता एकच पेपर दोन ठिकाणी. त्यांच्याकडे पत्राची प्रत होती म्हणून दुसऱ्या संपादकाने ऐकून तरी घेतलं, पण छपाई त्यांनी थांबवलीच. पदोन्नतीच्या फाइलमध्ये त्याचा खुलासा द्यावा लागला तो वेगळाच.

यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२० मध्ये स्वतःचाच मजकूर पुन्हा छापण्याबद्दल वेगळी सूचना काढली आहे. त्यामुळे हा प्रकार हलक्यात घेण्यासारखा राहिलेला नाही.


पणजीकर:

मग त्या प्राध्यापकांनी करायचं काय होतं? जन्मभर थांबायचं? क्षमा करा, पण इथे मी मागे हटणार नाही. उत्तर न देणाऱ्या संपादकाला लेखकावर एवढी सत्ता देणं चूक आहे. मी एवढं मान्य करतो की दुसऱ्या जर्नलला पेपर देतानाच सोबतच्या पत्रात सगळा पूर्वेतिहास लिहावा, पत्रव्यवहार जोडावा, म्हणजे पुढे कोणी लपवाछपवीचा आरोप करू शकणार नाही.


उपसंपादक:

हे मान्य. पूर्वेतिहास आधीच कळवला तर संपादक म्हणून माझी काही हरकत नसेल. मीही तसा पेपर घेईन.


शोधयात्री:

हे माझ्यासाठी नवीन होतं. आपल्याकडे सोबतचं पत्र म्हणजे दोन ओळींचा शिष्टाचार समजतात.


ग्रंथपाल सोलापूर:

माझ्याकडे येणारा सगळ्यात जास्त प्रश्न अजून कोणी काढला नाही. 'सर, पेपर मागे घेतला, आता वाङ्मयचौर्य तपासलं तर माझ्याच पेपरशी शंभर टक्के जुळेल का?'

याचं उत्तर, तपासणी कुठे झाली त्यावर अवलंबून. मोठे प्रकाशक क्रॉसरेफ या प्रकाशकांच्या संस्थेमार्फत आयथेंटिकेट हे साम्य तपासणारं सॉफ्टवेअर वापरतात. तिथे परीक्षणासाठी आलेला पेपर आपोआप साठ्यात जात नाही, तुलना प्रकाशित मजकुराशी होते. पण विद्यापीठात किंवा कॉलेजात तपासताना 'साठ्यात ठेवा' हा पर्याय चालू राहिला असेल तर तुमचा मजकूर तिथे जमा होतो आणि पुढच्या वेळी तुमच्याच नावाने समोर येतो. ग्रंथपालाला सांगून तो पर्याय आधीच बंद करून घ्या. जमा झालाच असेल तर अहवालातला तो स्रोत वगळून नवा अहवाल काढता येतो, सोबत मागे घेतल्याचं पत्र जोडायचं. २०१८ च्या यूजीसी नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून विद्यार्थी त्या आकड्याचा धसका घेतात. पण साम्य कशाशी आहे ते पाहणारा माणूस समोर असला की प्रश्न सुटतो.

दुसरं. सह्यकडांनी फसव्या प्रकाशकांबद्दल लिहिलं. आपल्याकडे तर पेपर पाठवताना जर्नल मान्य असतं आणि छापून येईपर्यंत अमान्य होतं. यूजीसीने मे २०१८ मध्ये आपल्या मान्य जर्नल्सच्या यादीतून ४,३०५ जर्नल्स एका फटक्यात काढली. कित्येकांचे पेपर तेव्हा त्या जर्नल्सकडे पडलेले होते. काउंटरसमोर रांग लागली होती. मग २०१९ मध्ये त्या जागी यूजीसीचीच केअर यादी आली, तिचं काम आपल्या पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चालायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही यादी बंद झाल्याचं यूजीसीने जाहीर केलं. आता जर्नल पारखायची जबाबदारी संस्थेवर आणि तुमच्यावर. म्हणून पाठवण्याआधीच पारखा. संपादक मंडळातल्या एखाद्याला त्याच्या विद्यापीठाच्या साइटवरचा पत्ता शोधून विचारा, तुम्ही खरंच यांच्यासोबत आहात का. खऱ्या जर्नलच्या नावाने हुबेहूब खोटी साइट काढणारेही आहेत. अशा साइटकडे पेपर गेला असेल तर मागे घेण्याचं पत्र तिथे पाठवाच, पण खऱ्या जर्नलच्या संपादकालाही कळवा.


तिखटमीठ:

खोट्या साइटचं माहीतच नव्हतं. ग्रंथपालकाका, हा प्रतिसाद छापून नोटीस बोर्डावर लावू का?


ग्रंथपाल सोलापूर:

जरूर लाव गं. नावाची गरज नाही.


सह्यकडा:

अवांतर, पण संबंधित. प्रीप्रिंटचं, म्हणजे परीक्षणाआधीच ऑनलाइन टाकलेल्या पेपरचं, गणित वेगळं आहे, तिथे 'मागे घेतला' म्हणजे नाहीसा झाला असं नाही. आर्काइव्ह (arXiv) या प्रीप्रिंटच्या साइटवर मागे घेतल्याची नोंद नवी आवृत्ती म्हणून येते आणि जुन्या आवृत्त्या वाचता येतात. बायोआर्काइव्ह या जीवशास्त्राच्या साइटवरही तसंच. जानेवारी २०२० च्या शेवटी दिल्लीतल्या संशोधकांचा कोरोना विषाणू आणि एचआयव्ही यांच्यात साम्य सांगणारा प्रीप्रिंट तिथे आला. जगभरातून टीका झाली. लेखकांनी तो दोन-तीन दिवसांतच मागे घेतला, पण तेवढ्यात तो जगभर पोचला होता आणि षड्‍यंत्राच्या गोष्टी रचणाऱ्यांनी त्याचा पुरता वापर केला. लेखकांनी झटकन मागे घेतला याचं मी कौतुकच करतो. पण 'आधी टाकून ठेवू, मग बघू' हा विचार प्रीप्रिंटला चालत नाही.


पणजीकर:

सह्यकडा, सहमत. पण प्रीप्रिंटचा एक फायदाही सांगायला हवा. जर्नलने पेपर अडकवला तरी 'हे काम या तारखेला माझं होतं' याचा पुरावा जगासमोर राहतो. आमच्या क्षेत्रात आधी आर्काइव्ह, मग जर्नल, हाच क्रम आहे. कल्पना चोरीला जाण्याची भीती उरत नाही.


शोधयात्री:

खूप काही मिळालं या धाग्यातून. आता पुन्हा पैशांवर येते. तिने काल जर्नलला पत्र पाठवायचं ठरवलं, पण शब्द जुळत नाहीयेत. राग आहे, आणि रागाने लिहिलं तर पेपर आणखी अडकेल ही भीतीही आहे. कोणी मसुदा देईल का? मराठीत चालेल, इंग्रजी आम्ही करू.


कऱ्हाडची मेघना:

हा घ्या, अण्णांच्या पत्राचाच विस्तार आहे.

'महोदय/महोदया, अमुक क्रमांकाचा, अमुक शीर्षकाचा आमचा पेपर आपल्याकडे अमुक तारखेला सादर केला होता. त्याचा स्वीकार झाल्याचं आपण अद्याप कळवलेलं नाही. अमुक कारणामुळे आम्ही सर्व लेखक तो मागे घेत आहोत. सर्व लेखकांची संमती सोबत जोडली आहे. या पेपरचे हक्क आम्ही आपल्याकडे लेखी हस्तांतरित केलेले नाहीत. पेपर आपल्या यंत्रणेतून काढल्याचं आणि तो प्रकाशित होणार नसल्याचं आम्हाला लेखी कळवावं. परीक्षकांनी दिलेल्या वेळेबद्दल आम्ही आभारी आहोत, कृपया त्यांना तसं कळवावं.'

फीबद्दल यात मुद्दाम काही लिहिलेलं नाही. त्यांनी पुन्हा मागितली तरच लिहा.


न्यायप्रिय:

उत्तम मसुदा. पुन्हा मागितली तर एवढंच : 'सादर करताना आम्ही मान्य केलेल्या घोषणापत्रात अशा फीची तरतूद नाही, प्रत सोबत जोडली आहे. ही मागणी कोणत्या अटीनुसार आहे ते कळवावं.' पैसे देतो किंवा देणार नाही, यांपैकी काहीही लिहू नका. 'सवलतीत भरा' असं आलं तरी घासाघीस करू नका, कारण घासाघीस केली की देणं मान्य केल्यासारखं दिसतं.


उपसंपादक:

परीक्षकांचे आभार मानणारं वाक्य वाचून बरं वाटलं. आजवर मागे घेण्याच्या एकाही पत्रात ते पाहिलेलं नाही.

एक भर घालतो. जर्नल स्वतःला 'कोप'चं (प्रकाशनातल्या नीतिमत्तेसाठीच्या आंतरराष्ट्रीय समितीचं) सदस्य म्हणवत असेल तर आधी कोपच्या साइटवर खात्री करा, खोटे दावेही असतात. खरोखर सदस्य असेल आणि संपादक, प्रकाशक दोघांकडेही दाद मागून झाली असेल, तर त्या पत्रव्यवहारासह कोपकडे तक्रार करता येते. कोप पोलीस नाही, पैसे परत मिळवून देणार नाही. पण सदस्य जर्नलला उत्तर द्यावं लागतं.


शोधयात्री:

ते जर्नल कोपचं चिन्ह साइटवर मिरवतंय. यादीत शोधलं, नाव नाही.


सह्यकडा:

मग त्या यादीच्या पानाचाही स्क्रीनशॉट, तारखेसह. आणि पत्र आजच जाऊ द्या. पेपर स्वीकारल्याची मेल अजून आलेली नाही ना? ती येण्याआधी तुमचं पत्र तिथे पोचलेलं असणं महत्त्वाचं आहे. असली जर्नल्स लेखक निघतोय म्हटलं की एका रात्रीत पेपर स्वीकारतात.


शोधयात्री:

अजून नाही आली. सहलेखक दोघेच आहेत, दोघांचीही संमती मेलवर घेतोय. संध्याकाळपर्यंत पत्र जाईल.


अण्णा वाईकर:

पत्राची प्रत स्वतःलाही पाठवायला सांगा तिला. आणि काही लागलं तर इथे लिहा, आम्ही आहोत.